आण्णांच्या जिभेखालची गोळी आणि माझ्या कमरेचा गॅस मीटर: शरीर स्वतःच विषारी वायू बनवतं, हे खरं का?

कृष्णाकाठ७९

नमस्कार. प्रश्न थोडा लांबणार आहे, पण मला हे नीट समजून घ्यायचंय म्हणून सविस्तर लिहितो.

मी एका नगरपालिकेच्या ड्रेनेज विभागात सुपरवायझर आहे. सतरा वर्षं झाली. आमच्या कामाचा पहिला धडा वायूचा. पंपहाऊसच्या विहिरीचं झाकण काढलं की आधी ती उघडी ठेवायची, ब्लोअर लावायचा, मग मीटर दोरीला बांधून खाली सोडायचा. वर, मध्ये आणि तळाशी असं तीनदा बघायचं, कारण हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचून बसतो. १० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत दहा भाग) झाले की मीटर ओरडायला लागतो. नवीन पोरांकडून मी एक गोष्ट घोकून घेतो: सडक्या अंड्याचा वास यायचा थांबला म्हणजे वायू गेला असं समजायचं नाही. १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं. मी कामाला लागलो त्याच वर्षी एका माणसाला बेशुद्ध अवस्थेत वर ओढून काढलं होतं, दोरीचं एक टोक माझ्या हातात होतं. तो वाचला. त्याच्या ओठांचा रंग मी अजून विसरलेलो नाही.

आता घरचं. आमचे आण्णा, वय ७१. पंधरा दिवसांपूर्वी माडीचा जिना चढताना छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं. तीन दिवस ‘गॅस झालाय, गॅस झालाय’ म्हणत ओवा आणि काळं मीठ खात राहिले. चौथ्या दिवशी मी उचलून दवाखान्यात नेलं, तेव्हा कळलं की हृदयाच्या रक्तवाहिनीचं दुखणं आहे. पुढच्या आठवड्यात अँजिओग्राफी आहे. तोपर्यंत रोजची औषधं आणि दुखलं तर जिभेखाली ठेवायला सॉर्बिट्रेट.

डॉक्टर घाईत होते, पण एक वाक्य बोलून गेले: ‘ही गोळी शरीरात नायट्रिक ऑक्साइड वायू सोडते, एरवी शरीर तो स्वतःच बनवतं.’ घरी आल्यावर बी. फार्म.ला असलेल्या भाचीला विचारलं. ती म्हणाली, ‘मामा, एकटा तोच नाही. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइडसुद्धा शरीर बनवतं, निरोप पाठवायला.’

तेव्हापासून डोक्यातून जात नाही. माझ्या मीटरवर चार आकडे असतात, त्यांतले दोन याच दोन वायूंचे. जे वायू माणूस मारतात ते शरीरात निरोप्याचं काम कसं करतात? आणि वायू निरोप देतो म्हणजे नेमकं काय होतं? जाणकारांनी सांगावं. मी बारावी सायन्स आहे, तेवढं धरून लिहिलंत तरी कळेल.

मिरजेच्या बाई

कृष्णाकाठ, आधी आण्णांचं बोलू, मग वायूचं.

गोळी घेताना त्यांना बसवा. उभ्याने घेतली तर रक्तदाब एकदम उतरून माणूस कोसळू शकतो. गोळी जिभेखालीच ठेवायची, पाण्याबरोबर गिळायची नाही. गिळली की ती आधी यकृतात जाते, बरीचशी तिथेच मोडते आणि जो काही गुण येतो तो उशिरा येतो. पाच मिनिटांत दुखणं उतरलं नाही किंवा वाढलं तर सरळ १०८ ला फोन करा. डोकं ठणकेल, ते गोळीमुळेच. आणि आण्णांनी कधी सिल्डेनाफिल (व्हायग्रा) किंवा त्या जातीची गोळी घेतली असेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. वयाकडे बघून लोक हे विचारत नाहीत आणि सांगतही नाहीत. या दोन गोळ्या एकत्र आल्या तर रक्तदाब जिवावर बेतण्याइतका खाली जातो.

मी एका सरकारी मेडिकल कॉलेजात एकतीस वर्षं औषधशास्त्र शिकवलं. तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं.

शरीरातले बहुतेक निरोप पोस्टाने गेल्यासारखे जातात. रेणू आधीच बनवून पेशीत पुड्या बांधून ठेवलेले असतात. वेळ आली की पुडी फुटते, रेणू पुढच्या पेशीच्या दारापर्यंत जातो आणि त्याच्याच मापाच्या कुलपात बसतो. वायूचं तसं नाही. वायू फोडणीच्या वासासारखा जातो. लसूण तेलात पडला की भिंतीपलीकडच्या घरात कळतं, कोणी कडी वाजवायला जात नाही. नायट्रिक ऑक्साइडचा रेणू इतका लहान आणि बिनविजेचा असतो की पेशीचं आवरण तो सहज ओलांडतो. त्याचा साठा करता येत नाही, म्हणून लागेल तेव्हा, लागेल तेवढाच बनवावा लागतो. आयुष्य काही सेकंदांचं. त्यामुळे निरोप शेजारच्या पेशींपुरताच राहतो. आणि वायू म्हटलं तरी बुडबुडे डोळ्यांपुढे आणू नका, हे पाण्यात विरघळलेले सुटे रेणू असतात. (भूल देताना वापरतात तो नायट्रस ऑक्साइड वेगळा.)

रक्तवाहिनीला आतून एका पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. रक्त त्यावरून घासत वाहतं, तो घसारा अस्तराला कळतो. मग तिथलं एन्झाइम आर्जिनिन या अमिनो आम्लातून, ऑक्सिजन वापरून, नायट्रिक ऑक्साइड बनवतं. तो बाहेरच्या बाजूच्या स्नायूपेशीत शिरतो आणि एका दुसऱ्या एन्झाइममधल्या लोहाच्या अणूला चिकटतो. त्या एन्झाइमचं नाव ग्वानिलेट सायक्लेज. ते जागं झालं की पेशीत सायक्लिक जीएमपी नावाचा रेणू वाढतो, कॅल्शियम उतरतं, स्नायू सैलावतो, वाहिनी रुंदावते. सॉर्बिट्रेट बाहेरून हाच वायू पुरवते. त्याने मुख्यतः शिरा सैल पडतात, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, हृदयाचं ओझं हलकं होतं आणि दुखणं थांबतं. सिल्डेनाफिल काय करतं, तर सायक्लिक जीएमपी मोडणारं एन्झाइम अडवतं. तुमच्याच भाषेत सांगायचं तर एक गोळी नळ सोडते आणि दुसरी मोरीला बूच मारते. एकत्र का चालत नाहीत ते आता लक्षात येईल.

हे कळलं कसं, ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, कारण त्यात माझाही एक तुकडा अडकलेला आहे.

१९८४ साली माझ्या एम. डी.च्या प्रबंधासाठी मी सशाच्या महारोहिणीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या, पट्ट्यांवर काम करत होते. पट्टी ३७ अंशांच्या द्रावणात टांगायची, खालून ऑक्सिजन सोडायचा, वरच्या टोकाला दोऱ्याने तरफ. तरफेचं टोक काजळी धरलेल्या कागदावर टेकलेलं आणि कागद फिरत्या ड्रमवर गुंडाळलेला. पट्टी आकसली की काजळीवर पांढरी रेघ वर चढते, सैलावली की उतरते. दिवसाच्या शेवटी तो कागद लाखेच्या वार्निशमधून काढून दोरीवर वाळत घालायचा. आमच्या साड्यांना कायम त्या वार्निशचा वास.

पट्टी नॉरअॅड्रेनलिनने आकसवायची, मग अॅसिटिलकोलिन घालायचं. आमच्या पट्ट्या सैलावत नसत, उलट किंचित अजूनच आकसत. पण दोन पट्ट्या सैलावल्या. चांगल्या ठसठशीत, रेघ अर्ध्यावर उतरली. आमचे मार्गदर्शक म्हणाले, या पट्ट्या बिघडल्यात, काढून टाका. मी काढून टाकल्या. प्रबंधात त्या नाहीत.

पुढे तीन वर्षांनी दुसऱ्या गावच्या मोठ्या लायब्ररीत रॉबर्ट फर्चगॉट यांचा १९८० चा लेख वाचला आणि उभ्या जागी बसले. त्यांच्याही पट्ट्या वर्षानुवर्षं अशाच वागत होत्या. १९७८ साली त्यांच्या सहायकाकडून प्रयोगाचा क्रम चुकला. आकसलेली रोहिणी धुऊन न काढताच पुढचं औषध घातलं गेलं आणि ती सैलावली. फर्चगॉट यांनी ‘बिघडली’ म्हणून ती टाकून दिली नाही. शोधता शोधता त्यांच्या लक्षात आलं की पट्टी कापताना आतलं अस्तर घासून निघालं असेल तर ती आकसते आणि अस्तर शाबूत असेल तर सैलावते. मग त्यांनी अस्तर नसलेल्या पट्टीला अस्तर असलेली पट्टी चिकटवली, भाकरीवर भाकरी ठेवावी तशी. पहिलीही सैलावली. म्हणजे अस्तरातून काहीतरी झिरपत होतं. काय, ते ठाऊक नव्हतं.

आणि मला आठवलं. आम्ही रोहिणी उघडली की आतलं रक्त कापसाने पुसत होतो. त्या दोन पट्ट्यांच्या दिवशी कापूस संपला होता, म्हणून नुसत्या द्रावणाने धुतल्या होत्या.

ते दोन कागद आज असते तर, असं अजून वाटतं. त्यानंतर शिकवताना कोणत्याही मुलाला ‘बिघडलेला’ कागद फाडू दिला नाही. तारीख घालून वहीत लावायला लावला.

पुढचं थोडक्यात. नायट्रोग्लिसरिनमधून (सॉर्बिट्रेटच्याच जातीचं औषध) नायट्रिक ऑक्साइड सुटतो आणि तो ग्वानिलेट सायक्लेज जागं करतो, हे फेरीद मुराद यांनी १९७७ मध्येच दाखवलं होतं. अस्तरातून झिरपणारं ‘काहीतरी’ तोच वायू असावा, असं १९८६ साली फर्चगॉट आणि लुई इग्नारो यांनी वेगवेगळं मांडलं. १९८७ मध्ये साल्वादोर मोनकाडा यांच्या गटाने तो वायू प्रत्यक्ष मोजून दाखवला. १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं. मोनकाडांना त्यात जागा मिळायला हवी होती, हे माझं मत आहे आणि ते मी वर्गातही सांगत असे.

आता तुमच्या मीटरवरचे दोघे. नडगीवर मार बसला की डाग आधी काळानिळा, मग हिरवट, मग पिवळा होतो ना? तिथे सांडलेल्या रक्तातलं हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोह असलेला भाग, मोडत असतं. हिरवा रंग बिलिव्हर्डिनचा, पिवळा बिलिरुबिनचा, आणि मोडलेल्या प्रत्येक हीममागे कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू सुटतो. हे शरीरभर रोज चालतं, म्हणून सिगारेट न ओढणाऱ्याच्या रक्तातही तो अगदी थोडा सापडतो. त्याला मेंदूतला निरोप्या मानावं, ही मांडणी १९९३ ची. हायड्रोजन सल्फाइड गंधक असलेल्या अमिनो आम्लांपासून बनतो. १९९६ मध्ये आबे आणि किमुरा यांनी तो मेंदूत काम करतो असं मांडलं, आणि तो बनवणारं एक एन्झाइम काढून टाकलेल्या उंदरांचा रक्तदाब चढतो हे २००८ साली दिसलं.

मग विष का? फरक प्रमाणाचा. पेशीतली ऊर्जेची भट्टी, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, थोडासा हायड्रोजन सल्फाइड सरपणासारखा जाळून टाकते. तोच एकदम जास्त आला की त्याच भट्टीच्या शेवटच्या एन्झाइमला चिकटून ती विझवतो. रक्तात ऑक्सिजन असतो, पण पेशीला वापरता येत नाही. तुमच्या विहिरीत तेच होतं. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो, त्यामुळे बाहेरून भरपूर आला की ऑक्सिजनला जागाच उरत नाही. तिघांनाही धातूच्या अणूला, विशेषतः लोहाला, चिकटायची ओढ. मारताना तीच ओढ आणि निरोप देतानाही बऱ्याचदा तीच.

पाळणाघर_नर्स

बाईंनी इतकं छान सांगितलंय की मी फक्त डोळ्यांनी पाहिलेलं लिहिते. मी मुंबईत नवजात बाळांच्या आयसीयूत अकरा वर्षं आहे. आमच्याकडे नायट्रिक ऑक्साइड सिलिंडरमधून येतो.

पोटात असताना बाळाच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, जन्मल्यावर पहिल्या श्वासांबरोबर त्या उघडायला हव्यात. काही बाळांच्या उघडत नाहीत, विशेषतः पोटातच शी करून ती श्वासात ओढलेल्या बाळांच्या. मग रक्त फुप्फुसांना वळसा घालून जातं. आम्ही उजव्या हाताला एक आणि पायाला एक असे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणारे दोन प्रोब लावतो. एका बाळाचे आकडे मला पाठ आहेत: हातावर ९१, पायावर ७४. व्हेंटिलेटरच्या नळीतून २० पीपीएम नायट्रिक ऑक्साइड सुरू केला. पाऊण तासाने पाय ८८ वर आला. तळपायाचा रंग बदलताना मी बघत होते. आई वरच्या मजल्यावर होती, तिला व्हिडिओ कॉलवर आधी तो तळपायच दाखवला.

बाईंनी वायू काही सेकंदच टिकतो असं लिहिलंय, त्याचाच इथे फायदा होतो. तो फुप्फुसातल्या वाहिन्या उघडतो आणि रक्तात उतरताच हिमोग्लोबिन त्याला गिळून टाकतं, म्हणून बाकीच्या शरीराचा रक्तदाब पडत नाही. दुसरी बाजू अशी की त्यामुळे मेथहिमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन वाहू न शकणारं हिमोग्लोबिन, वाढू शकतं, ते वरचेवर तपासावं लागतं. आणि दादा, आमच्याही मशीनला तुमच्यासारखाच मीटर असतो. नायट्रिक ऑक्साइड ऑक्सिजनला भेटला की नायट्रोजन डायऑक्साइड होतो, तो फुप्फुसाला जाळतो. तो वाढला की आमचाही अलार्म ओरडतो. बंद करतानाही २० वरून ५, मग हळूहळू १, मग शून्य. एकदम बंद केला तर वाहिन्या पुन्हा आवळतात.

सिलिंडर महाग आहे, सगळीकडे नसतो. तिथे बाळांना सिल्डेनाफिल देतात. नाव ऐकून वडील लोक दचकतात, त्यांना हेच समजावते: गोळी तीच, मोरीचं बूच तेच, फक्त फुप्फुसातलं.

सूर्योदय_चालणारा

एवढ्या गोळ्या कशाला? मी रोज सकाळी बीटचा रस आणि अकरा वेळा भ्रामरी करतो. दोन्हींनी नायट्रिक ऑक्साइड वाढतो हे शास्त्राने सिद्ध झालंय. माझी बीपीची गोळी दोन महिने बंद आहे. आण्णांनाही हेच सुरू करा.

मिरजेच्या बाई

सूर्योदय, तुम्ही सांगता त्यातला पाया खरा आहे, म्हणून उत्तर नीट देते.

गुणगुणल्याने नाकातला नायट्रिक ऑक्साइड वाढतो, साध्या उच्छ्वासाच्या पंधरापट, हे २००२ साली स्वीडनच्या वाइट्झबर्ग आणि लुंडबर्ग यांनी मोजलं. नाकाशेजारच्या हाडांतल्या पोकळ्यांत तो तयार होत असतो, गुंजनाच्या कंपनाने तिथली हवा बाहेर येते. भ्रामरीत तेच होत असणार. पण तो वायू नाकातला. हृदयाच्या आवळलेल्या वाहिनीपर्यंत जाण्याइतकं आयुष्य त्याला नाही.

बीटचं वेगळं. त्यातलं नायट्रेट लाळेतून पुन्हा तोंडात येतं, जिभेच्या मागच्या भागावरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि पुढे शरीरात त्याचा नायट्रिक ऑक्साइड होतो. २०१५ साली लंडनमध्ये रक्तदाबाच्या रुग्णांनी चार आठवडे रोज २५० मिली रस घेतला, तेव्हा वरचा आकडा साधारण ८ ने उतरला. चांगला परिणाम आहे. जिवाणूनाशक माउथवॉशने रोज चुळा भरल्या तर हे जिवाणू मरतात आणि रक्तदाब थोडा चढतो, हेही मोजलेलं आहे. म्हणून बीट खा, पालक खा, मुतखड्याची सवय असेल तर दोन्ही बेताने. पण गोळी स्वतःच्या मनाने थांबवणं धोक्याचं आहे. आज आकडा चांगला दिसतोय त्यात दोन महिन्यांच्या चालण्याचाही वाटा असेल. उद्याच डॉक्टरांना भेटा आणि बंद केल्याचं सांगा. रागावले तरी सांगा.

आण्णांना मात्र हे सुचवू नका. ज्याला जिना चढताना छातीत दुखतंय त्याची अँजिओग्राफी होईपर्यंत औषधांत काडीचा बदल नको.

कृष्णाकाठ७९

बाई, नर्सताई, दोघींचे आभार. काल रात्री आण्णांना सगळं वाचून दाखवलं. ‘पाण्याबरोबर गिळायची नाही’ इथे आल्यावर ते गप्प झाले. विचारलं तर म्हणाले, मी आत्तापर्यंत दोन्ही वेळा घोटभर पाण्याबरोबर गिळली होती. चव कशी लागेल म्हणून. दोन्ही वेळा वीस-पंचवीस मिनिटं कळ सोसत बसले होते आणि आम्हाला सांगितलं नव्हतं.

आज सकाळी आंघोळीनंतर पुन्हा दुखलं. ओट्यावर बसवलं, गोळी जिभेखाली ठेवली, मी घड्याळ लावून समोर बसलो. तिसऱ्या मिनिटाला खांदे सैल पडले. पहिलं वाक्य, ‘डोकं ठणकतंय.’ मी म्हटलं, ठणकू दे आण्णा.

त्यांचाच एक प्रश्न आहे. रोजची दुसरी गोळी, आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट २०, दोनदा लिहिली आहे, पण वेळ सकाळी आठ आणि दुपारी तीन. आण्णा एसटीत ड्रायव्हर होते, वेळापत्रकाची त्यांना फार जाण. ते म्हणतात, दोन फेऱ्या करायच्या तर आठ आणि आठ अशा समान अंतराने करायला पाहिजेत. रात्रभर गाडी डेपोत का?

मिरजेच्या बाई

आज सकाळी दुखलं हे डॉक्टरांना आजच फोन करून कळवा. गोळी मिळाल्यापासून तिसऱ्यांदा, तेही जिना न चढता दुखलं असेल तर अँजिओग्राफी अलीकडे घ्यावी का, ते त्यांनी ठरवायचं. त्यासाठी पुढच्या आठवड्यापर्यंत थांबू नका.

आता आण्णांचा प्रश्न. त्यांना सांगा की याचं उत्तर डायनामाइटच्या कारखान्यांत सापडलं. डायनामाइटमध्ये नायट्रोग्लिसरिन असतं, म्हणजे याच जातीचं रसायन. तिथल्या कामगारांचं सोमवारी डोकं भयंकर दुखायचं, दोन-तीन दिवसांत सवय होऊन थांबायचं आणि पुढच्या सोमवारी परत सुरू. रविवारच्या सुट्टीत सवय उतरलेली असायची. काहींना तर सुट्टीच्या दिवशीच छातीत दुखायचं, कारण आठवडाभर सैलावलेल्या वाहिन्या रसायन थांबताच आवळायच्या. डायनामाइट काढणाऱ्या आल्फ्रेड नोबेल यांनाही १८९६ मध्ये, मरण्याच्या थोडे आधी, हृदयासाठी नायट्रोग्लिसरिनच लिहून दिलं होतं.

शरीराला नायट्रेट, म्हणजे या जातीचं औषध, सतत मिळत राहिलं की ते त्याला दाद देईनासं होतं. नायट्रोग्लिसरिनमधून वायू सोडवणारं एन्झाइम सततच्या वापराने निकामी होत जातं, हे त्यामागचं एक कारण. म्हणून रोज काही तास रक्त नायट्रेटपासून मोकळं ठेवतात. तीनची गोळी रात्री उतरते, पहाटेपर्यंत वाहिन्या पुन्हा दाद द्यायला तयार होतात आणि आठची गोळी पूर्ण काम करते. आठ आणि आठ केलं तर थोड्याच दिवसांत गोळीचा गुण बराच कमी होईल.

गाडी रात्री डेपोत लागते ती सकाळच्या फेरीसाठी, एवढं आण्णांना सांगितलं तरी पुरे. जिभेखालची गोळी मात्र या वेळापत्रकात धरायची नाही, ती दुखलं की कधीही. गोळ्यांची पट्टी उशाशी ठेवा आणि रात्री ते उठले तर हाताला धरून उठवा.